मॉस्कोच्या फेडरेशन टॉवरला पूर्ण व्हायला एवढी वर्षं का लागली?

वैशाली_ठाणे:
नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण मनापासून विचारतेय. माझ्या नवऱ्याची औषध कंपनीची नोकरी, त्याची दोन वर्षांसाठी मॉस्कोला बदली झालीये, म्हणून मी आणि लेक मे महिन्यात तिकडे महिनाभर राहून आलो. तिथे नदीकाठी मॉस्को-सिटी म्हणून उंच उंच काचेच्या टॉवर्सचा घोळका आहे, त्यातला फेडरेशन टॉवर सगळ्यात उंच, ३७४ मीटर, त्याच्या ८९व्या मजल्यावर वर जाऊन बघायची सोय आहे. आत आईस्क्रीमचा छोटा कारखाना पण आहे, लेक तिथे रमली आणि मी काचेला कपाळ टेकून खाली बघत उभी होते. नदीचं वळण, रेल्वेचे रूळ, गाड्या मुंग्यांसारख्या. नवऱ्याच्या ऑफिसातले एक काका बरोबर होते, पंचवीस वर्षं तिकडे आहेत, ते सहज बोलून गेले की हा टॉवर कित्येक वर्षं अर्धवट उभा होता, आम्हाला वाटायचं हा काही आता होत नाही.

ते ऐकलं आणि पोटात कालवलं. कारण आम्ही २०१४ मध्ये ठाण्यात असाच एक फ्लॅट बुक केलाय, खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं अशी मोठी स्कीम. २०१८ चा ताबा सांगितला होता. बाविसाव्या मजल्यावर काम थांबलं ते थांबलंच. बँकेचा हप्ता चालू आणि भाडंही चालू. सासऱ्यांनी गावाकडची दीड एकर विकून पैसे दिले होते, ते घर न बघताच गेले. बिल्डरचं नाव इथे घेत नाही, केस चालू आहे.

तर मला नीट समजून घ्यायचंय. मॉस्कोत नेमकं काय झालं, काम का थांबलं, आणि मुख्य म्हणजे थांबलेलं काम परत कसं सुरू झालं? आणि एवढी वर्षं उन्हापावसात उघडी पडलेली इमारत पुढे बांधली तर ती मजबूत राहते का? कोणाला खरंच माहिती असेल तर प्लीज सांगा.

प्रेस्न्यातला_जुना_भाडेकरू:
वैशालीताई, मी २००६ ते २०१३ मॉस्कोत होतो, त्याच भागात, प्रेस्न्यात. आमच्या किचनच्या खिडकीतून तो टॉवर दिसायचा त्यामुळे जे बघितलं ते सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की फेडरेशन टॉवर म्हणजे एक इमारत नाही, एकाच बैठकीवर दोन टॉवर आहेत. एक झापाद म्हणजे पश्चिम, ६३ मजली, साधारण २४२ मीटर. दुसरा वोस्तोक म्हणजे पूर्व, ९७ मजली, तुम्ही चढलात तो. दोन्हींचा आकार शिडासारखा, आणि मूळ डिझाइनमध्ये दोघांच्या मध्ये डोलकाठीसारखा एक बारीक उंच खांब होता जो ५०६ मीटरपर्यंत जाणार होता. आर्किटेक्ट सेर्गेई चोबान आणि जर्मनीचे पीटर श्वेगर. काम सुरू झालं २००३-०४ च्या सुमाराला, आणि मी गेलो तेव्हा सगळीकडे जोर होता, २००६ च्या फेब्रुवारीत तर त्यांनी पायाचं एवढं काँक्रीट एका दमात ओतलं, जवळजवळ १४ हजार घनमीटर, की गिनीजमध्ये नोंद झाली. ट्रकांची रांग रात्रंदिवस, बर्फात. शहरातली माणसं अभिमानाने बोलायची त्याबद्दल.

मग २००८. पश्चिमेचा छोटा टॉवर त्या वर्षी पूर्ण झाला, दिवे लागले, ऑफिसं आली. आणि बाजूचा मोठा अर्ध्यावर अडकला. मला अजून आठवतं त्या हिवाळ्यात संध्याकाळी चार वाजता अंधार व्हायचा, एका टॉवरच्या सगळ्या काचा पिवळ्या उजळलेल्या आणि त्याला खेटून दुसरा काळा ठिक्कर, वर क्रेनवर फक्त एक लाल दिवा. आधी क्रेन फिरताना दिसायच्या, आता रोज त्याच दिशेला तोंड करून. माझी बायको म्हणायची ते बघून आपल्याच घरात कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटतं.

पुढे काम पुन्हा धरलं, चिनी कंत्राटदाराचे कामगार होते. मग २ एप्रिल २०१२ ला संध्याकाळी वर आग लागली, ६७व्या मजल्याच्या आसपास. आम्ही सगळे खिडकीत. एवढ्या उंचीवर शिडी कुठून पोचणार, हेलिकॉप्टरने पाणी टाकत होते. जीव कोणाचा गेला नाही पण त्या रात्री सगळ्यांना वाटलं की संपलं आता. नाही संपलं. मी परत आल्यावर २०१४ ला ऐकलं की मधली डोलकाठी, जी बरीच वर चढली होती, ती उतरवून टाकली. म्हणजे जे स्वप्न दाखवलं होतं त्यातला सगळ्यात देखणा भाग कापला आणि उरलेलं पूर्ण केलं. टॉवर २०१७ ला पुरा झाला.

तुमच्या सासऱ्यांचं वाचून फार वाईट वाटलं.

खातेवही:
मी बँकेत प्रोजेक्ट फायनान्सला १८ वर्षं काढली, रशियाचं प्रकरण आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये शिकवायचे म्हणून थोडं वाचलेलं आहे. 'का थांबलं' याचं एका वाक्यात उत्तर द्यायचं तर पैसे उसने होते आणि ते सुद्धा थोड्या मुदतीचे. टॉवरला कित्येक वर्षं लागतात आणि कर्ज एक-दोन-तीन वर्षांचं, दरवेळी जुनं फेडायला नवं काढायचं. तेल चढत होतं तोवर हे चाललं. जुलै २००८ ला तेल १४७ डॉलर बॅरल होतं, डिसेंबरला चाळिशीच्या खाली. मधे सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली. नवं कर्ज द्यायला कोणी उरलं नाही, आणि बुकिंग करणारेही घरी बसले. डेव्हलपरकडे दोनच नळ असतात, बँक आणि गिऱ्हाईक, ते दोन्ही एकाच तिमाहीत बंद झाले.

फेडरेशनचा डेव्हलपर मिराक्स ग्रुप, त्याचा मालक सेर्गेई पोलोन्स्की. या माणसाने २००८ मध्ये जाहीर सांगितलं होतं की दीड वर्षात घरांच्या किमती २५ टक्के वाढल्या नाहीत तर मी टाय खाईन, आणि २०११ ला कॅमेऱ्यासमोर टायचा तुकडा खाल्ला. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कारण त्याच वेळी त्याच ग्रुपच्या मॉस्कोतल्याच दुसऱ्या स्कीममध्ये, कुतुझोव्स्काया मील्या नावाच्या, लोकांनी पैसे भरले होते आणि घरं मिळत नव्हती.  त्या केसमध्ये त्याला २०१५ ला कंबोडियातून रशियात आणलं, जुलै २०१७ ला कोर्टाने दोषी धरलं, पण गुन्ह्याची मुदत उलटून गेली होती म्हणून शिक्षा भोगावी न लागता सुटला. आणि त्याच वर्षी टॉवर पूर्ण झाला. मालक बदलले, पैसा घालणारे बदलले, टॉवर उभा राहिला. सामान्य गिऱ्हाइकाच्या घराला मात्र एवढे वाली मिळत नाहीत.

रशियनमध्ये अशा लोकांसाठी एक शब्दच आहे, 'अब्मानुतिये दोल्शिकी'. दोल्शिक म्हणजे हिस्सेदार, बांधकामात आधीच पैसे घालणारा, आणि अब्मानुतिये म्हणजे फसवले गेलेले. पेपरात, टीव्हीवर, सरकारी कागदात सुद्धा हाच शब्द. विचार करा किती घरांत हे झालं असेल की त्यासाठी भाषेत शब्द पक्का झाला.

वैशालीताई तुमच्यासाठी यातली खरी कामाची गोष्ट पुढे आहे. रशियाने २००४ ला एक कायदा केला, २१४ नंबरचा, बुकिंगचा करार नोंदवायला लावणारा. तो पुरला नाही. मग १ जुलै २०१९ पासून त्यांनी नियम बदलला, की गिऱ्हाइकाचे पैसे बिल्डरच्या हातात जाणारच नाहीत, ते बँकेत एस्क्रो खात्यात पडून राहणार, इमारत वापरायला मंजूर झाली की मगच बिल्डरला मिळणार. बांधायला पैसा हवा तर बँकेकडून घे, म्हणजे जोखीम बँकेची. आपल्याकडे रेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारा कायदा, २०१६ चा, महारेरा मे २०१७ पासून, त्यात ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि काम जसं पुढे जाईल तसतशी काढायची. फरक बघा. आपल्याकडे पैसा बांधकाम चालू असतानाच बाहेर पडतो, फक्त हिशेबाने पडतो. तुमचं बुकिंग २०१४ चं, म्हणजे रेराच्या आधी जो पैसा गेला त्याच्यावर रेरासारखा पहारा नव्हता. मला विचाराल तर मी रशियाचा २०१९ चा नियम आपल्याकडे डोळे झाकून आणीन, घर थोडं महाग होईल पण निदान रात्री झोप लागेल माणसाला.

प्रेस्न्यातला_जुना_भाडेकरू:
खातेवही, एक भर घालतो. तिथल्या वरच्या मजल्यांवर जी घरं विकली ती कायद्याने घरं नाहीत, 'अपार्तामेन्ती' म्हणतात त्याला, निवासी नसलेली जागा धरतात, तिथे कायमची रहिवासी नोंदणी होत नाही. मिश्र वापराच्या इमारतीत ही भानगड असते, घ्यायच्या आधी कागदावर ती जागा काय म्हणून लिहिलीये ते बघावं.

कोअर_आणि_स्लॅब:
उशिरा लिहितोय, साइटवर होतो. मी स्ट्रक्चरल साइड बघतो, मुंबईत चाळीस-पन्नास मजल्यांची कामं केलीयेत. ताईंनी शेवटचा जो प्रश्न विचारला, उघडी पडलेली इमारत मजबूत राहते का, त्यावर कोणी बोललं नाही म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

काँक्रीट स्वतः थांबल्याने खराब होत नाही, उलट पहिली काही वर्षं ते थोडं थोडं कडकच होत जातं. खराब होते ती सळई. काम थांबतं तेव्हा शेवटच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया हातभर वर आलेल्या असतात, पुढच्या मजल्याला जोडायला. त्या वर्षानुवर्षं पावसात. आधी भगवा गंज येतो, तो ब्रशने निघतो, पण पुढे पापुद्रे सुटायला लागतात आणि सळईची जाडी कमी होते. मी एका थांबलेल्या साइटवर गेलो होतो, सहा वर्षं बंद, खाडीच्या जवळ. सळईवर हातोडी मारली तर पत्र्यासारखे काळे तुकडे हातात आले, कॅलिपर लावून मोजली तर २५ मिलीमीटरची सळई २१ भरली. तिथे आम्ही सगळ्या सळया खालपर्यंत कापल्या, काँक्रीटमध्ये भोकं पाडून केमिकलने नव्या बसवल्या. काम झालं, पण फक्त तेवढ्यालाच चार महिने गेले.

मॉस्कोत खारी हवा नाही, पण तिथे दुसरा वैरी आहे, बर्फ. उघड्या शाफ्टमध्ये, पाइपच्या भोकात पाणी साचतं, गोठलं की फुगतं आणि काँक्रीट फोडतं. आणि थंडीत नवीन काँक्रीट घालायचं तर ते जमायच्या आत गोठू द्यायचं नाही, म्हणून ते लोक सळयांच्या जाळीत विजेची वायर गुंडाळून ठेवतात, काँक्रीट ओतलं की करंट सोडून आतून ऊब देतात, वायर आतच राहते. म्हणजे जे काम आपण ताडपत्री आणि पाण्याच्या पाइपवर भागवतो त्याला तिकडे प्रत्येक मजल्याला वीज जाळावी लागते. म्हणून थांबलेलं काम तिथे हिवाळ्यात परत सुरू करणं म्हणजे काय खर्च असेल तो विचार करा.

आता मिश्र वापराचं. लोकांना वाटतं दुकानं, ऑफिसं, घरं एकत्र म्हणजे तीन इमारती एकावर एक. तसं नसतं. दुकानांना खाली मोकळी जागा हवी, खांब लांब लांब, वर घरांना खांब भिंतीत दडलेले हवेत, मग मध्ये एक जाडजूड ट्रान्स्फर मजला घालून वरचा भार खालच्या खांबांवर वळवावा लागतो. लिफ्ट वेगळ्या, एसी वेगळं, आगीच्या वेळी बाहेर पडायचे जिने वेगळे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एका टॉवरमध्ये खालचे वीस मजले तयार झाले तरी ते लोकांना देणं अवघड असतं, कारण डोक्यावर क्रेन चालू आहे, पाण्याच्या टाक्या वर बसायच्यात, पूर्ण ओसी म्हणजे वापर परवाना मिळत नाही. म्हणजे बऱ्याचदा शेवटची काच लागेपर्यंत एक रुपया भाडं नाही. फेडरेशनवाल्यांनी एक गोष्ट बरोबर केली, दोन टॉवर वेगळे ठेवले, त्यामुळे छोटा २००८ मध्ये सुटला आणि कमवायला लागला. सगळं एकाच ९७ मजली खांबात कोंबलं असतं तर माझ्या मते काहीच पूर्ण झालं नसतं.

याचं उलटं उदाहरण तिथेच बाजूला आहे. रशिया टॉवर, नॉर्मन फॉस्टरचं डिझाइन, ६१२ मीटर, ११८ मजले, एकच टॉवर आणि त्यात सगळं. सप्टेंबर २००७ ला काम सुरू, नोव्हेंबर २००८ ला बंद, पुढच्या वर्षी रद्दच. त्या जागेवर आता दुसऱ्याच कंपनीचे नेवा टॉवर्स आहेत, दोन वेगवेगळे, २०२० ला झाले, मोठा ३४५ मीटर.

नकाशे_आणि_रेल्वे:
सगळं वाचलं, छान माहिती. पण एक गोष्ट राहतेय. परत सुरू का झालं याला फक्त बँक आणि नवा मालक हे उत्तर पुरत नाही. फेडरेशन एकटा माळरानावर असता तर कोणी पैसे घातले नसते. मॉस्को-सिटीची कल्पना बोरिस त्खोर या आर्किटेक्टची, १९९१-९२ ची, जुनी दगडाची खाण आणि कारखान्यांची जागा, क्रेमलिनपासून चारेक किलोमीटर पश्चिमेला. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे फक्त खड्डा होता, १९९७ ला नदीवर झाकलेला पादचारी पूल झाला आणि पुढच्याच वर्षी रूबल कोसळला. तरी शहराने मेट्रो आणलीच, एक स्टेशन २००५ ला, दुसरं २००६ ला, म्हणजे टॉवर व्हायच्या आधी. पुढे २०१४ ला आणखी एक, आणि २०१६ ला शहराभोवतीच्या रिंग रेल्वेचं स्टेशन. मेट्रो दारात आहे आणि शेजारचे टॉवर एकेक करून भरतायत, मर्क्युरी ३३९ मीटर, ओको ३५४, मग मधला अर्धवट टॉवर कोणीतरी उचलणारच. मी तर म्हणेन सरकारने बिल्डरला पैसे देऊ नयेत, जागेला रेल्वे द्यावी. वैशालीताई, तुमच्या साइटजवळ मेट्रो येतेय का? ठाण्याच्या बऱ्याच भागातून मेट्रो चारचं काम चालू आहे.

आणि एक, २०१७ ला फेडरेशन पूर्ण होऊन युरोपातली सगळ्यात उंच इमारत म्हणून मिरवणार तोच त्याच वर्षी पीटर्सबर्गचा लाख्ता सेंटर त्याच्या वर गेला. उशिराची ही पण एक किंमत.

वैशाली_ठाणे:
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचून काढलं, नवऱ्यालाही फोनवर वाचून दाखवलं. हो, मेट्रो येतेय, खांब उभे राहिलेत, आमच्या साइटच्या गेटपासून दहा मिनिटांवर स्टेशन आहे. त्याने खरंच जरा धीर आला.

कोअर_आणि_स्लॅब दादा, आमच्याकडे शेवटच्या मजल्यावरच्या सळया खालून रस्त्यावरूनही दिसतात, तपकिरी झाल्यात, आणि तळघरात पावसाळ्यात पाणी भरतं, पंप बंद आहे. हे किती वाईट? आणि आम्ही ८० जणांनी मिळून असोसिएशन केलीये, एक नवीन बिल्डर बोलणी करतोय पण तो म्हणतो बावीस मजले तपासायची गरज नाही, दिसतायत ना ठणठणीत.

खातेवही:
असोसिएशन केलीत हे फार चांगलं. जुन्या प्रोजेक्टची रेरा नोंदणी झालेली असेलच, ती संपली किंवा रद्द झाली तर कलम ८ प्रमाणे उरलेलं काम पूर्ण करायचा पहिला हक्क बुकिंगवाल्यांच्या असोसिएशनचा असतो, तो न वापरता नव्या बिल्डरच्या कागदावर सह्या करू नका. महारेराच्या साइटवर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले बघा, किती टक्के काम दाखवून किती पैसे काढलेत ते जुळतंय का. आणि त्या जमिनीवर कोणाचं कर्ज आहे ते आधी काढा, नाहीतर तुम्ही बांधाल आणि बँक येऊन उभी राहील.

कोअर_आणि_स्लॅब:
ताई, तपासायची गरज नाही म्हणणाऱ्याला सरळ नाही सांगा. मला साइट न बघता वाईट किती ते सांगता येणार नाही, पण तळघरातलं पाणी मला सळयांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, सगळा भार तिथे उतरतो. पहिलं काम पंप चालू करून तळघर कोरडं करा, बाकी सगळं नंतर. मग काँक्रीटचे कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले गोल नमुने, काढून लॅबला द्यायचे, आणि एक सोपी तपासणी असते, कॉलमच्या कोपऱ्यात ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारायचं. चांगलं काँक्रीट लगेच गुलाबी होतं, जिथवर हवा आत शिरून ते मेलंय तिथवर रंग येत नाही. तो बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोचलाय का ते पट्टीने मोजायचं, तुमच्या असोसिएशनच्या लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, कोणावर विश्वास ठेवायला नको.

मी डोंबिवलीला राहतो, रविवारी मोकळा असतो. साइटमध्ये शिरायची परवानगी लेखी घेऊन ठेवा आणि व्यनि (खाजगी निरोप) करा, मी बाटली आणि कॅलिपर घेऊन येतो. गमबूट मात्र आणा सगळ्यांनी, आधी तळघरात उतरू.